इंग्रजी जोडशब्दांचे सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, कसे पाडायचे? स्वर मोजले की झालं का?

नाही झालं. शिकवणीत कुणी तसं सांगितलं असेल तर चुकीचं सांगितलं. 'समटाइम्स'च्या स्पेलिंगमध्ये ओ, ई, आय, ई असे चार स्वर आहेत, सिलॅबल मात्र दोनच: सम-टाइम्स. आम्ही पाचवीपासून इंग्रजी शिकलेली माणसं 'सो-मे-टि-मेस' असं घोकायचो. त्याने स्पेलिंग पक्कं झालं आणि कान बिघडला.

जोडशब्दात आधी सांधा शोधा आणि पहिला घाव तिथेच घाला. मग आतले तुकडे. सन | फ्लॉवर, मग फ्लॉवरचे दोन, एकूण तीन.

या सांध्यावरून माझं आणि दादाचं वीस वर्षं वाजलेलं आहे. त्याने अल्सेशियन, म्हणजेच जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा, आणला आणि फाटकावर पाटी लावली, 'जर्मन शेफर्डपासून सावधान'. मी म्हटलं, दादा, शेपर्ड. शीप अधिक हर्ड. पी पहिल्या शब्दाचा, एच दुसऱ्याचा. शेजारी बसले म्हणून त्यांचा 'फ' होत नाही. एच पुढे बोलण्यात गळला, एवढंच. दादा म्हणाला, "सगळा गाव शेफर्ड म्हणतो, तू कोण लागून गेलास?" मी विचारलं, मेंढपाळ तू कसा तोडतोस? मेंढ आणि पाळ असाच ना? तर म्हणे, तो मराठी शब्द आहे. डिक्शनरी उघडून दाखवली, तर छापणाऱ्याची चूक! पंगतीला बसलेले सगळे हसले. तेव्हापासून घरात माझं नाव शेपर्ड. वहिनीसुद्धा हाक मारतात.

'पॉटहोल'चंही तेच. टी-एच दिसला की 'पोथोल' वाचणारे मी ऑफिसात पाहिलेत, चांगले इंजिनिअर झालेले.

आता एक सांगायचं राहिलं. काही शब्द बोलून बोलून इतके झिजलेत की सांधा कानाला लागत नाही. कपबोर्डचा उच्चार कबर्ड, 'प' गायब. पण कागदावर तोडताना कप-बोर्डच. आणि 'फायरप्लेस'मधलं फायर कुणी एक सिलॅबल धरतं, कुणी दोन. परीक्षेसाठी विचारत असाल तर तुमच्या पुस्तकात असेल तेच लिहा, माझ्या नादाने मार्क घालवू नका.

दादाकडे सध्या लॅब्राडॉर आहे. त्यात सांधा नाही, त्यामुळे शांतता आहे. पण जुनी पाटी त्याने अजून काढलेली नाही.