शिरूर राष्ट्रवादीचा बालेकिल्ला असताना आढळराव तीनदा खासदार कसे झाले?

बालेकिल्ला म्हटलं की मला आमचे भोसरीचे दाजी दिसतात, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी एक दुरुस्ती. तीनदा शिरूरमधून नाही. २००४ ला शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील जिंकले ते जुन्या खेड मतदारसंघातून. २००८ च्या पुनर्रचनेत खेड गेला, मावळ वेगळा झाला, शिरूर तालुका बारामतीतून इकडे आला. २००९ आणि २०१४ या शिरूरच्या.

आणि बालेकिल्ला कसला? १९७७ ला देशभर जनता लाट होती, तेव्हा खेडने काँग्रेसचे अण्णासाहेब मगर निवडून दिले. १९८९ ला महाराष्ट्रात ४८ पैकी २८ जागा काँग्रेसला मिळाल्या, तर आम्ही जनता दलाचे किसनराव बाणखेले दिल्लीला धाडले. राष्ट्रवादी जन्मायच्या आधीपासून ही माणसं उलटीच चालतात.

आता तात्यांचं सांगतो, म्हणजे कळेल. तात्या माझे चुलते, आंबेगावचे, भीमाशंकर कारखान्याचे सभासद. विधानसभेला घड्याळ, लोकसभेला धनुष्यबाण, वर्षानुवर्षं. त्यांच्यासारखे गावोगाव होते. आंबेगावचे राष्ट्रवादीचे आमदार दिलीप वळसे पाटील, त्यांच्याकडे कारखाना, पाणी, सोसायटीची कामं, ती विधानसभेला. लोकसभेला माणूस बघायचा. आढळराव आधी वळसे पाटलांच्याच गोटातले, बिनसल्यावर सेनेत गेले. तात्यांना दोघंही घरचेच. शिवाय बैलगाडा शर्यतींवर २०११ पासूनच बंदीचं संकट होतं, मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या पूर्ण बंद केल्या. तात्यांच्या गोठ्यात शर्यतीचे बैल होते. खुराक चालू आणि घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, बंद, हे दुखणं पुण्यात राहून समजत नाही. आढळराव तो विषय संसदेत काढायचे. तात्यांना तेवढं पुरे होतं.

मग २०१९ आलं. मतदानाच्या थोडं आधी मंचरला आमच्यात एक साखरपुडा होता. पंगत उठल्यावर दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "तात्या, आता खेड्यातली मतं विचारतंय कोण? भोसरी-हडपसर ठरवणार खासदार. तुम्ही बैल सांभाळा." तात्या पान जुळवत होते. म्हणाले, "पाहुणे, मोजणीच्या दिवशी फोन उचला म्हणजे झालं." त्या वेळी तात्या यंदा कुणाला देणार हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. त्यांनी राष्ट्रवादीच्या अमोल कोल्हेंना दिलं. कारण विचारलं तर एक सांगून थांबले नाहीत. आदल्या हिवाळ्यात कांदा मातीमोल गेला, खेडचं विमानतळ पुरंदरला गेलं, नाशिक रोडचे बायपास अर्धवट पडलेले, आणि पंधरा वर्षं एकच माणूस.

निकाल लागला. कोल्हे ५८ हजारांवर मतांनी आले, आणि भोसरीने आघाडी दिली होती आढळरावांना! म्हणजे दाजींच्या शहराने एक ठरवलं, खेड्यांनी दुसरं, आणि झालं खेड्यांचं. दाजींनी फोन उचलला नाही. नंतर म्हणायला लागले, "मालिकेमुळे पडली मतं, तुमच्या लोकांनी संभाजी महाराजांना मत दिलं." कोल्हे टीव्हीच्या मालिकेत संभाजी महाराज झाले होते, त्यावरून. अजून तेच म्हणतात. मालिकेने सभेला गर्दी होते, हे कबूल. पण मालिका बघून शेतकरी कांद्याचा भाव विसरतो, असं ज्याला वाटतं त्याने एकदा मंचरच्या मार्केटला पहाटे उभं राहावं.

तरी मालिकाच धरायची, तर २०२४ चं काय? तेव्हा मालिका नव्हती. राष्ट्रवादी फुटलेली, कोल्हे शरद पवारांकडे, आढळराव अजित पवारांच्या घड्याळावर उभे, वळसे पाटील शेजारी, सहापैकी पाच आमदार त्यांच्या बाजूला. कोल्हे १ लाख ४० हजारांवर मतांनी निवडून आले. सगळा किल्ला एका बाजूला आणि मतं दुसऱ्या बाजूला. त्याच वर्षी विधानसभेला वळसे पाटील दीड हजारांच्या आसपास मतांनी कसेबसे वाचले, तेही देवदत्त निकमांसमोर. हेच निकम २०१४ ला राष्ट्रवादीचे लोकसभेचे उमेदवार होते आणि आढळरावांकडून तीन लाखांवर मतांनी पडले होते.

शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने परत सुरू केल्या. श्रेय आढळराव आणि कोल्हे दोघंही घेतात. कोल्हेंनी निमगावच्या घाटात धावत्या बैलगाड्यापुढे घोडीही पळवून दाखवली. तात्या टाळ्या वाजवून आले, पण "कोर्टात वकील भांडला, घोडी नाही" एवढं बोललेच.

तुम्हाला खरंच अभ्यास करायचा असेल तर चॅनलवरची चर्चा सोडा आणि फॉर्म २० काढा. केंद्रनिहाय मतं त्यात असतात. एकाच गावाचे लोकसभेचे आणि विधानसभेचे आकडे शेजारी ठेवा. दाजींनाही मी हेच सांगतो, ते काढत नाहीत.

हो, २०१४ ला मोदींची लाट होती, तो विजय एकट्या आढळरावांच्या खात्यावर टाकू नका. आणि हडपसरचं मला काही विचारू नका. मी राहतो पुण्यात, पण माझं मत अजून गावच्या यादीत आहे, त्यामुळे माझं सगळं आंबेगावच्या चष्म्यातून.