चांगल्या डोळ्याला लेसर कशाला?

प्रश्न: माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या. गेल्या आठवड्यात संध्याकाळी रंकाळ्यावरून येताना म्हणाल्या, "दिव्यांभोवती रंगीत कडी दिसाय लागलीत." रात्री डोक्याची उजवी बाजू ठणकू लागली, दोनदा उलटी झाली. पित्त समजून गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलं. सकाळी डोळा लालभडक! नेत्रतज्ज्ञांनी सलाईन, थेंब देऊन डोळ्यातला दाब उतरवला, मग लेसर केलं. आता चांगल्या डाव्या डोळ्यालाही करू म्हणतात. गरज आहे का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर: ताई, आहे. आणि पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

हा अचानक उसळलेला काचबिंदू. डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होत असतं (अश्रू नव्हेत) आणि कडेच्या कोपऱ्यातून निघून जातं. प्लस नंबरवाल्यांचा डोळा बहुधा लहान, कोपरा चिंचोळा. वयाबरोबर आतलं भिंग जाड होऊन बाहुलीभोवतीच्या पडद्याला पुढे रेटतं. तिन्हीसांजेला बाहुली मोठी झाली, की मोरीत बोळा बसावा तसा पडदा कोपऱ्यात बसतो. एरवी १० ते २१ (मि.मी. पारा) असणारा डोळ्यातला दाब काही तासांत ५०-६० वर जातो. उलट्या त्यामुळेच, पोटाचा संबंध नाही. नस दबून गेलेली नजर मात्र परत येत नाही.

पित्ताची चूक मीही केली आहे. शिकाऊ असताना रात्रपाळीत एका आजींना गोळी देऊन घरी पाठवलं. टॉर्च खिशातच होता, काढला नाही. सकाळी त्या परत आल्या तेव्हा पावसाळ्यात एसटीच्या काचेवर वाफ धरते तसा डोळा धुरकट, आणि बाहुली अर्धवट मोठी, उजेड टाकला तरी ढिम्म.

दोन्ही डोळ्यांची घडण सारखीच. दुसरा तसाच ठेवला तर साधारण निम्म्या जणांना पाच वर्षांत तिथेही झटका येतो. लेसरने पडद्याच्या कडेला बारीक भोक पाडतात, पाण्याला दुसरी वाट मिळते. थेंब टाकून बधिर करतात, पाच-दहा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. दिवसभर धूसर दिसेल, इतकंच.

तोवर सर्दीच्या गोळ्या किंवा पोटात कळ आली म्हणून इंजेक्शन, डोळ्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यातल्या काहींनी बाहुली मोठी होते. डावा डोळा दुखला, कडी दिसली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठा.

लेसरला जाताना तुमच्या यजमानांनाही सोबत न्या. चाळिशी उलटली असेल तर त्यांचाही कोपरा तपासून घ्या. असे डोळे घराण्यात चालत येतात.