रॉड टाकायच्या आधी एवढं वाच

अरे, तुझा मेसेज काल रात्रीच बघितला, पण घाईत काहीतरी टाईप करण्यापेक्षा म्हटलं निवांत लिहू. नडगीत रॉड टाकायचाय, परवा भूलवाल्या डॉक्टरांकडे फिटनेसला जायचंय, आई सोबत असणार, मग गांजाचं सांगू की नको?

सांग. तिथे बीपी, शुगर, दमा, तंबाखू, दारू असं भराभर विचारतात, आणि गांजाचं नाव निघालंच नाही तर तू 'काही नाही' म्हणून मोकळा होशील. तसं करू नकोस. रोज ओढणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागू शकतं, आणि गांजाने दुखणं कमी होतं असं तुम्ही पोरं म्हणता ना, ऑपरेशननंतर बरेचदा उलटंच दिसतं, दुखतं जास्त आणि पेनकिलरही जास्त लागतात. ओढल्यावर लगेच हृदयावर ताण येतो तो वेगळाच. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने 2023 मध्ये ऑपरेशनआधी प्रत्येक पेशंटला हे विचाराच असं सांगितलं ते काय उगाच नाही.

आता हाडाचं. एडिनबरा युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात ज्यांनी आयुष्यात 5000 पेक्षा जास्त वेळा ओढलाय त्यांच्या हाडांची घनता साधारण 5 टक्के कमी निघाली, फ्रॅक्चरही जास्त. कमी ओढणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही, म्हणजे उगाच घाबरवत नाहीये. आणि तो सीबीडीने (गांजातला नशा न आणणारा एक घटक) हाड लवकर जुळतं वाला व्हिडिओ पाठवलास ना, ते संशोधन उंदरांवरचं आहे बाबा, आणि सीबीडी म्हणजे तुझा जॉइंट नव्हे.

मला खरी काळजी वेगळीच आहे, तू सिगरेट रिकामी करून तोच तंबाखू मालात मिसळतोस. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, मोडलेल्या जागी रक्त कमी पोचतं आणि हाड जुळायला जास्त वेळ लागतो, कधी जुळतच नाही, मग परत चिरा. त्यामुळे दोन्ही आजच बंद. पहिले काही दिवस झोप लागणार नाही, चिडचिड होईल, जेवण जाणार नाही, तेही डॉक्टरांना सांगून ठेव म्हणजे वॉर्डात कोणी भलताच अर्थ लावणार नाही.

आईसमोर बोलवत नसेल तर तिला केसपेपरच्या झेरॉक्सला पाठव आणि तेवढ्यात बोलून घे. पोलिसांची भीती मनात आणू नकोस, पेशंटचं गुपित राखणं हे डॉक्टरचं कामच असतं. किती, कधीपासून, शेवटचा कधी, एवढं स्पष्ट सांग. आणि भेटून आलास की फोन कर, क्रचेसचं बघू.