नकाशात कडा का दिसत नाही?

प्रश्न: मुलगी ॲरिझोनात शिकते. तिने ग्रँड कॅन्यनचा नकाशा पाठवला, त्यात एकेक कडा उठून दिसतो. आमच्या सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, टोपोशीटवर (चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर) मात्र नुसता उतार आहे. तिथे तर सरळ तुटलेला कातळ आहे! नकाशा चुकला का? – एक वाचक, राजापूर

उत्तर: नकाशा चुकलेला नाही. तुमचा कडा दोन रेषांच्या मधे सापडलाय.

आपल्या 1:50,000 च्या टोपोशीटवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर 20 मीटरला असतात. समजा, कड्याचा माथा 118 मीटरवर आणि पायथा 103 वर आहे. मग 100 ची रेषा खाली राहिली, 120 ची वर. पंधरा मीटरचा कडा, पण त्यावरून एकही रेषा जात नाही.

ग्रँड कॅन्यनचं तसं नाही. अमेरिकी भूमापक फ्रांस्वा मॅथेस यांनी 1902 मध्ये तिथे प्लेनटेबल (जागेवरच नकाशा काढायचा तिपाईवरचा फळा) लावून मोजणी सुरू केली, ती दर 50 फुटांच्या रेषांनी, म्हणजे साधारण 15 मीटर. अंतरात फरक थोडाच, पण तिथला रेडवॉल चुनखडीचा कडाच 150 मीटरच्या घरातला. दहा रेषा एकमेकींवर चढतात आणि कागदावर जाड तपकिरी पट्टा उमटतो. शिवाय तो मुलूख कोरडा, विरळ गवत-झुडपांचा. समोरच्या काठावरून जमीन उघडी दिसते. आपल्याकडे व्हाळात, म्हणजे ओढ्यात, झाडी दाटलेली. नकाशासाठी विमानातून काढलेल्या फोटोत झाडांचे शेंडे येतात, जमीन येत नाही.

मी एकतीस वर्षं मोजणी केली. राजापूरकडच्याच एका सड्यावर दिवाळीनंतर पिवळ्या पडलेल्या गवतातून चालत होतो. पुढे सपाट गवतच दिसत होतं. अचानक माझ्या पावलांच्या पातळीत आंब्याचे शेंडे आले. आणखी दोन पावलं टाकली असती तर खाली गेलो असतो. त्या दिवसापासून मी सहकाऱ्यांना सांगत आलो: सड्यावर रेषांवर विसंबून अंधारात चालू नका. गुराख्याला विचारा, त्याला कडा कुठून कुठवर आहे ते पाठ असतं.

तुम्ही एक करा. सुंभाला दगड बांधा, माथ्यावर पालथं झोपून तो खाली सोडा, दगड टेकला की दोरीला गाठ मारा. वर ओढून टेपने मोजा. दर शंभर पावलांवर असं करा आणि टोपोशीटच्या झेरॉक्सवर कड्याची ओळ पेन्सिलीने काढून उताराच्या बाजूला बारीक दात घाला. झालं की मला पाठवा, मी नकाशाशी ताडून पाहीन.