कन्सोल घ्या, पण कार्डाचं बिल आधी

प्रश्न (लांबलचक पत्राचा सारांश): वय ३१, नोकरी करतो. हातात धरून खेळायचा कन्सोल घ्यायचाय. निन्टेन्डो स्विच २ की स्टीम डेक, ते ठरत नाहीये. रोज जाऊन-येऊन दोन तास प्रवासात जातात, तो वेळ कामी येईल. पैसे उभे करायचे तीन मार्ग दिसतात. क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचे विनाव्याज हप्ते, म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक चार महिने थांबवणं, किंवा अडीनडीला ठेवलेल्या पैशांतून घेणं. कार्डावर थोडी थकबाकी आहे, तीन महिने किमान रक्कम भरतोय. पत्नीचं म्हणणं असं की लॅपटॉपवर विकत घेतलेले चाळीसेक गेम तसेच पडलेत, मग हे नवीन कशाला? तिन्हींतला कोणता मार्ग बरा?

उत्तर: तुमचे आकडे जसेच्या तसे देत नाही. हातात येणारा पगार १०० धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात मांडतो. हाच प्रश्न पडलेल्या दुसऱ्या कुणालाही मग आपले आकडे त्यात बसवून बघता येतील. घरभाडं, घरखर्च, वडिलांना पाठवता ते, सगळं मिळून ७२. गुंतवणूक १५. उरतात १३, आणि ते कुठे जातात हे तुम्हालाच सांगता येत नाही. कार्डाची थकबाकी ३०. अडीनडीचे १४४, म्हणजे दोन महिन्यांचा खर्च. स्विच २ ला ४५, त्यावर दोन गेम, मेमरी कार्ड आणि कव्हर धरून ६२. स्टीम डेक ५२.

तुमच्या पत्रात कन्सोलबद्दल दीड पान आहे आणि थकबाकीबद्दल अर्धं वाक्य. मी उत्तराची सुरुवात त्या अर्ध्या वाक्यापासून करतो.

कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्के धरू. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या पुढे जातं. किमान रक्कम भरत राहिलात की त्यातला बराचसा भाग व्याजातच जातो, मुद्दल जागचं हलत नाही. दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. मागची बाकी शिल्लक असली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे महिनाभराचा किराणासुद्धा तुम्ही पहिल्या दिवसापासून व्याजाने घेताय. तुमच्या १३ मधले काही कुठे मुरतात, त्याचा एक पत्ता इथे लागेल.

अशा कार्डावर विनाव्याज हप्ते घेणं म्हणजे गळक्या टाकीला दुसरा नळ जोडणं. हप्ता दर महिन्याच्या किमान रकमेत मिळवला जातो, म्हणजे आत्ता जी किमान रक्कम कशीबशी भरताय तीच वाढणार. ती चुकली की विनाव्याज हा शब्द फक्त जाहिरातीत उरतो. शिवाय रोख किंवा एकरकमी घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला बहुधा मिळत नाही, वर प्रक्रिया शुल्क लागतं. व्याज कुठेतरी भरलेलं असतंच, फक्त त्याचं नाव बदललेलं असतं. हा मार्ग बाद.

गुंतवणूक थांबवण्याबद्दल. चार महिन्यांचे ६० आणि कन्सोलचे ६२, गणित अगदी चपखल बसतं, म्हणून मोह होतो. या ६० चे पंचवीस वर्षांत किती झाले असते वगैरे कोष्टक मी मांडणार नाही. त्या हिशेबाने माणसाने चपलासुद्धा घेऊ नयेत. माझी हरकत साधी आहे. चार महिने थांबवलेली गुंतवणूक पाचव्या महिन्यात आपोआप सुरू होत नाही, ती कुणीतरी सुरू करावी लागते. आणि तुमच्याकडे उरणाऱ्या १३ चा हिशेब लागत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. १५ मोकळे झाले तर तेही त्याच वाटेने जातील. ती चालू राहू द्या.

उरले अडीनडीचे पैसे. त्यांना हात लावा असंच मी सांगणार आहे, फक्त कन्सोलसाठी नव्हे. त्यातले ३० काढून या आठवड्यात कार्डाची पूर्ण थकबाकी फेडा. बचत खात्यात पडून त्या पैशावर जे मिळतं आणि कार्डावर तुम्ही जे भरताय, त्यात काही मेळच नाही. ११४ शिल्लक राहतील, दीड महिन्याच्या खर्चाला पुरतील. थोडं अंग चोरून राहावं लागेल, पण अगदीच उघडे पडणार नाही.

मग पगार झाला की दुसऱ्याच दिवशी १३ वेगळ्या खात्यात काढा. महिनाअखेरीला उरले तर टाकू, असं करू नका. उरत नाहीत हे दिसलंच आहे. पहिल्या अडीच महिन्यांत उचललेले ३० परत जागेवर येतील. तिसऱ्या महिन्याअखेर ९ शिल्लक, तिथून कन्सोलचा गल्ला सुरू. सातव्या महिन्याअखेर ६१ जमतात. कोणी म्हणेल, आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा आणि मग खेळ. पुस्तकी सल्ला तसा आहे खरा. पण ३१ वर्षांच्या कमावत्या माणसाला एका वस्तूसाठी जवळजवळ अडीच वर्षं ताटकळत ठेवलं तर तो मधेच कुठेतरी हप्त्याने घेऊन मोकळा होतो, असं मी पुष्कळ पाहिलंय. म्हणून आधी कन्सोल घ्या, आणि त्यानंतर हेच १३ अडीनडीच्या खात्याकडे वळवा.

सात महिन्यांत किंमत उतरेल, असा हिशेब मात्र धरू नका. निन्टेन्डोचाच आधीचा हातातला कन्सोल, ३डीएस, २०११ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत त्याची किंमत जवळजवळ एक तृतीयांशाने उतरली. आधी घेणारे हळहळले, कंपनीने त्यांना वीस जुने गेम फुकट देऊन समजूत काढली. उलट २०१७ चा मूळ स्विच आठ वर्षांचा झाल्यावर, २०२५ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत चक्क वाढवली गेली. थांबायचं ते तुमच्या खात्याकडे बघून.

आता पत्नीच्या प्रश्नाकडे येतो, कारण पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच आहे. स्टीम हे लॅपटॉपवरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, त्यातली लायब्ररी, म्हणजे विकत घेतलेल्या गेमची यादी, उघडा. प्रत्येक गेमच्या पानावर तुम्ही तो किती वेळ खेळलात ते लिहिलेलं असतं. तुम्ही दोघांनी बसून ती यादी एकदा वरपासून खालपर्यंत बघा. सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून घेतला आणि एकदाही उघडला नाही, असे किती, आणि तीस-चाळीस तास मनापासून खेळलात असे किती? नंतरच्या यादीतले गेम कोणत्या जातीचे आहेत तेही बघा. तासनतास बसून खेळायचे असतील तर ते प्रवासात खेळले जाणार नाहीत. दोन तास प्रवास म्हणता, त्यात बसायला जागा किती वेळ मिळते? उभ्याने, एका हाताने दांडी धरून यातलं कोणतंही यंत्र चालत नाही. दोन्ही बऱ्यापैकी जड आहेत आणि दोन्हींना दोन हात लागतात.

यादी बघून झाली की तुमचा पहिला प्रश्न बराचसा सुटेल. हातातल्या कन्सोलमध्ये यंत्राची किंमत एकदाच द्यायची असते, खरा खर्च गेमचा. स्टीम डेकवर तुमचे विकत घेतलेले गेम त्याच खात्यावर चालतात, पुन्हा घ्यावे लागत नाहीत. सगळेच चालतील असं नाही. प्रत्येक गेम डेकवर नीट चालतो, थोड्या खटपटीने चालतो की चालत नाही, हे स्टीमवर नोंदवलेलं असतं. फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर असलेले काही ऑनलाइन गेम त्यावर उघडतच नाहीत. ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नाही. नवा गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. तुमच्या देशात कंपनी तो अधिकृतपणे विकते का, एवढं आधी बघा. बाहेरून मागवलेल्या यंत्राची वॉरंटी बहुतेक वेळा नावापुरतीच असते.

स्विच २ चं पारडं वेगळं. मारिओ, झेल्डा हे निन्टेन्डोचे गेम स्टीमवर मिळत नाहीत, आणि तेच खेळायचे असतील तर डेक स्वस्त पडतो हा मुद्दाच गैरलागू. पण मग खर्च ६२ वर थांबत नाही. एक गेम ६ ला धरला आणि वर्षात आणखी चार घेतलेत तर पहिल्या वर्षाचे ८६ होतात. ऑनलाइन खेळायची वर्गणी निराळी. आत २५६ जीबी जागा आहे. वाढवायची तर मायक्रोएसडी एक्स्प्रेस हेच कार्ड लागतं. फोनमधून काढलेलं जुनं कार्ड घालून भागेल असं तुम्ही लिहिलंय, त्यावर गेम साठवता येणार नाहीत. म्हणून ६२ मधून मेमरी कार्डाचे पैसे वगळू नका.

काडतुसं (म्हणजे यंत्रात घालायची गेमची छोटी कार्डं) की डाउनलोड, याबाबत माझा कल स्पष्ट आहे. निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेमच्या किमती वर्षानुवर्षं फारशा उतरत नाहीत. ही गोष्ट विकत घेताना खटकते, विकताना कामी येते. गेम संपला की काडतूस विकून पुढच्याचे बरेचसे पैसे निघतात. डाउनलोड केलेला गेम खात्याला चिकटलेला, तो विकता येत नाही. स्विच २ च्या काही डब्यांवर मात्र ‘गेम-की कार्ड’ असं लिहिलेलं असतं. त्यात पूर्ण गेम नसतो, फक्त किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो आणि खेळताना कार्डही आत घालून ठेवावं लागतं. विकता तेही येतं, पण कंपनीचं दुकान जोवर चालू तोवरच त्याला अर्थ. ३डीएसच्या ऑनलाइन दुकानातली विक्री मार्च २०२३ मध्ये बंद झाली, हे लक्षात असू द्या.

तुम्ही ओझरता उल्लेख केलेला चौथा मार्ग मला सर्वांत पसंत आहे: ओळखीच्या कुणाचा तरी वापरलेला स्विच ओलेड (पहिल्या स्विचचाच, चांगल्या पडद्याचा प्रकार), २४ ला. पाचव्या महिन्याअखेर तुमच्या गल्ल्यात ३५ असतील, म्हणजे यंत्र आणि एक-दोन वापरलेली काडतुसं रोखीने येतात, नंतरच्या महिन्यांतले १३ मोकळे राहतात. पुढे स्विच २ घ्यावासा वाटला तर जुनी बहुतेक काडतुसं त्यावर चालतात, घेतलेलं वाया जात नाही. आणि नाद दोन महिन्यांत ओसरला तर २४ चं यंत्र थोड्या घाट्यात विकून मोकळे व्हाल. ओलेड टीव्हीलाही जोडता येतो, दोघांना मिळून खेळता येतं. स्विच लाइट (पहिल्या स्विचचाच छोटा प्रकार) स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो टीव्हीला जोडता येत नाही, आणि त्याच्या कांड्या (अंगठ्याने फिरवायच्या जॉयस्टिक) यंत्रातच बसवलेल्या असल्याने बिघडल्या की पूर्ण यंत्र दुरुस्तीला द्यावं लागतं.

कांड्या बिघडण्याचा हा रोग स्विचला आहेच, म्हणून वापरलेला घेताना तो चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्सच्या खाली कांडी जुळवण्याचा पर्याय आहे. तिथे कांडी दाबली की पडद्यावर एक वर्तुळ आणि खूण दिसते. बोट काढा आणि नुसतं बघत राहा. खूण मध्यावर थांबली पाहिजे. आपोआप एका बाजूला सरकत असेल तर खेळताना तुमचा गडीही तसाच हात न लावता चालत सुटतो. डावी-उजवी दोन्ही बघा. नवी जोडी घ्यावी लागणार असेल तर तेवढे २४ मधून कमी करून मागा. कार्ड घालायच्या खाचेत एखादं काडतूस घालून गेम सुरू होतो का ते पाहा, डॉकवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडवर, ठेवून टीव्हीवर चित्र येतं का ते पाहा, ऑनलाइन दुकान उघडतं का तेही. कंपनीने बंदी घातलेलं यंत्र बाकी सगळं नीट करतं, इथे मात्र अडतं. मालकाने आपलं खातं तुमच्यासमोर काढून टाकलं पाहिजे. स्विच कपाटात पडून असेल, तर बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत किती महिने होती तेही विचारा. कंपनीच सांगते की वापरात नसला तरी सहा महिन्यांतून एकदा चार्ज करावा.

दरम्यानच्या पाच महिन्यांत लॅपटॉपवरच्या न उघडलेल्या गेमपैकी दोन-तीन खेळून बघा, त्याला पैसे पडत नाहीत. ते रंगून खेळलात तर ओलेडचा विचार सोडा, आणखी दोन महिने थांबा आणि सरळ स्टीम डेक घ्या. ५२ तोवर सहज जमतात. ओळखीच्या माणसाला आत्ताच फोन करून विचारा, पाच महिने थांबेल का. नाही म्हणाला तरी बिघडत नाही, वापरलेले स्विच बाजारात रग्गड आहेत.