नववी शिकलेला बाप मराठीच्या पेपरात काय मदत करणार?

इचलकरंजीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते यंत्रमागावर काम करतात. मुलगी दहावीला, सेमी इंग्रजीत. गणित-विज्ञान चांगलं आहे, पण पूर्वपरीक्षेत मराठीला 80 पैकी 46 मिळाले. ते लिहितात, "गाईड दोनदा पाठ केलं तरी असं झालं. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये मराठी निघून जाईल, मग नाद सोड म्हणून सांगू का? पुढं स्पर्धा परीक्षा द्यायची म्हणते. मी नववी शिकलेला, कविता-बिविता मला काय कळणार? नुसतं बघत बसायचं का?" सोबत त्यांनी तिच्या उत्तरपत्रिकेचे फोटो पाठवले आहेत.

दादा, नमस्कार.

फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. नुसत्या 46 वरून मला काही सांगता आलं नसतं. पानं बघितल्यावर मात्र दुखणं लगेच सापडलं. आकलनाच्या कृतींमध्ये, म्हणजे आकृत्या पूर्ण करा, जोड्या लावा, कारणं लिहा यांत तिचे गुण फारसे गेलेलेच नाहीत. गेलेत ते स्वमत, रसग्रहण आणि निबंधात. म्हणजे जिथे तिचं स्वतःचं काही मागितलं आहे, नेमकं तिथे.

रसग्रहणाचं उत्तर परत एकदा उघडून बघा. कविता 'औक्षण' आहे, इंदिरा संत यांची. तुमच्या मुलीनं सुरुवात केली आहे, "प्रस्तुत कवितेत कवीने..." म्हणून. पुढेही दोनदा 'कवी' आलं आहे. कवयित्रीची कविता आहे हे तिला माहीत नसेल असं मी म्हणत नाही. पाठ केलेला साचा हातानं उतरवला आणि मन तिथे नव्हतं, एवढंच झालं. तपासणाऱ्या शिक्षकांना हे पहिल्या ओळीतच दिसतं. त्यामुळे तिसऱ्यांदा गाईड पाठ करून फरक पडणार नाही.

आता तुमचा प्रश्न, तुम्ही काय करायचं. दादा, तुम्ही शिकवायचं नाही. तुम्ही ऐकायचं. हे मी मनापासून सांगते आहे, तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. माझी आई दुसरी शिकलेली. भाकरी थापता थापता ती म्हणायची, "वाच बघू काय लिहिलंय त्यात." वाचून झालं की तिचा एकच प्रश्न असायचा, "मग ती बाई असं का म्हणाली?" मला उत्तर द्यावं लागायचं, आणि देता देता मलाच ते उमगायचं.

दिवसपाळी असेल तेव्हा जेवणानंतर वीस मिनिटं बसा. तिला कविता मोठ्यानं वाचायला लावा, घाई न करता, दोनदा. मग विचारा, कोण बोलतंय? कुणाला? आणि आत्ताच का? 'औक्षण'च घ्या. सैनिक आघाडीवर निघाला आहे. निरोप देणाऱ्यांच्या मुठीत पैसा नाही, अंगात बळ नाही. ओवाळायचं कशानं? तर डोळ्यांतल्या आसवांच्याच ज्योती करून. एवढं तिनं तुम्हाला तिच्या शब्दांत सांगितलं की आशयसौंदर्य झालं. आसवांच्या ज्योती ही कल्पना तिला कुठे भिडली ते सांगितलं की काव्यसौंदर्य झालं. राहिली भाषिक वैशिष्ट्यं. त्यासाठी शाळेतल्या बाईंचं टिपण पुरेसं आहे. आणि तुमच्याजवळही सांगण्यासारखं आहे, दादा. शेजारच्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, गावाच्या नावातच सैनिक. रजा संपवून पलटणीत परत निघालेल्या पोराला त्याची आई एसटीत बसवून देते, ते तुम्ही कधी पाहिलं असेल तर तिला सांगा. उत्तरात ते जसंच्या तसं येणार नाही, पण तिचं वाक्य खरं होईल.

मागावर धागा तुटला की तुम्ही माग थांबवता, गाठ मारता आणि पुढे चालू करता. तसंच इथे करा. तिच्या बोलण्यात धागा तुटला असं वाटलं की फक्त "मग?" म्हणा. चूक काढू नका. "एवढं पण येत नाही?" हे वाक्य तर घरात नकोच. त्या वाक्यानंतर मुली परत पाठांतराकडे वळतात, कारण पाठ केलेल्याला निदान कुणी रागवत नाही. बोलून झालं की तिथंच वही घेऊन आठ-दहा ओळी लिहायला सांगा. "उद्या लिहिते" म्हणाली तर ऐकू नका, बोललेलं हातातून जातं.

गुणांचा हिशोबही सांगते. गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास 16 आणि उपयोजित लेखन 24. सगळ्यात जड शेवटचा विभाग आहे आणि तुमच्या मुलीचा निबंध अर्ध्या पानावर सोडलेला आहे. वेळ पुरली नाही. शेवटची पंचवीस मिनिटं निबंधासाठी राखून ठेवायची, हे घरी घड्याळ लावून तीन-चार वेळा तरी करून घ्या. आत्मकथनात सगळे फाटक्या पुस्तकाचं नाहीतर शेतकऱ्याचं गाईडातलंच लिहितात. तिला सरावासाठी यंत्रमागाचं आत्मकथन लिहायला सांगा. तिला तुम्हाला विचारावं लागेल, धोटा कसा पळतो, रातपाळीला आवाज कसा वाटतो, वीज गेली की कारखान्यात काय होतं. तुमच्या घरातलं हे कुणाच्याच गाईडात नाही.

बेस्ट ऑफ फाइव्हचं तुमचं म्हणणं खरं आहे. सहापैकी जास्त गुणांचे पाच विषय धरतात. पण गळतो तो एकच विषय. आजच मराठी सोडून दिलं आणि ऐन वेळी सामाजिक शास्त्रांचा नाहीतर इंग्रजीचा पेपर बिघडला, तर ते झाकायला काही उरत नाही. शिवाय स्पर्धा परीक्षेचं ती म्हणते ना? राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता लेखी उत्तरांची झाली आहे. मराठीचा वेगळा पेपर आहे, तो पात्र ठरण्यापुरता असला तरी त्यात उत्तीर्ण व्हावंच लागतं, आणि निबंधाचा पेपर 250 गुणांचा आहे. तिथे स्वतःचं मत नीट मांडता यावं लागतं. त्याची सुरुवात तिनं आज स्वमताच्या तीन गुणांपासून केलेली बरी.

ती गोष्टींची पुस्तकं वाचते म्हणून तुम्ही रागावता, असंही पत्रात आहे. परीक्षेपर्यंत रोज पंधरा मिनिटं वाचू द्या, हवं तर पेपरातला अग्रलेख वाचू द्या, पण बंद करू नका. 4 गुणांचा अपठित उतारा त्यातूनच सोपा होतो. ट्यूशन लावायची का, तर मराठीसाठी मी नको म्हणेन. ते पैसे राहू द्या.

दोन आठवडे एवढं करून बघा आणि मला कळवा. पण या वेळी पत्र तुम्ही लिहू नका, तिला लिहायला सांगा. मायना, विषय, तारीख, सगळं परीक्षेत लिहितात तसं. विषय असा द्या, 'मला आवडलेली कविता आणि बाबांनी त्यावर विचारलेले प्रश्न'. सहा गुणांचं पत्र आहे असं समजून मी ते तपासेन आणि उत्तर तिच्या नावानं पाठवेन.