उत्तर: दरवाढीनंतर परमिट रूम ठेवायची की लायसन्स परत करायचं?

दादा, व्हॅट ५ चा १० टक्के, लायसन्स फी १५ टक्क्यांनी वर, त्यात आता ड्युटी (राज्याचं उत्पादन शुल्क) उत्पादन खर्चाच्या ३ पटीवरून साडेचार पट. 'ठेवू की परत करू' हा तुमचा प्रश्न वाचून जुनं सगळं आठवलं. आमची परमिट रूम गोव्याच्या हद्दीजवळ आहे.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते एक ऑफिस, नाव घेत नाही. १ नोव्हेंबर २०२३ ला व्हॅट वाढला तेव्हा विचारलं, आधी भरलेल्या मालाचं काय? साहेब म्हणाले, "काढा जुन्या दराने." लेखी मागितलं तर "वर विचारावं लागेल." पुढे नोटीस आली: फरक भरा, व्याजासकट. ते साहेब तोवर बदलून गेलेले! तेव्हा तोंडी उत्तरावर उठायचं नाही. अर्ज द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. (मी वकील नाही, सीएला विचारूनच करा.)

बाकी ही वाढ दारू कमी व्हावी म्हणून आहे, असं कुणी म्हणालं तर नुसतं ऐकून घ्या. जून २०२५ च्या निर्णयात साडेचार पट लागली ती लिटरला २६० रुपयांपर्यंत उत्पादन खर्च असलेल्या, भारतातच बनणाऱ्या 'विदेशी' मद्याला (व्हिस्की, रम वगैरे), म्हणजे रोजच्या क्वार्टरवाल्याला. बिअर-वाईनला हात नाही. वाईनमागे नाशिकचा द्राक्ष बागायतदार आहे. आयात स्कॉचची ड्युटी तर २०२१ मध्ये ३०० वरून १५० टक्क्यांवर आणली होती. त्याच निर्णयातले १८० मिलीचे किमान दर बघा: देशी ८०, विदेशी २०५ आणि मधोमध १४८ ला नवीन 'महाराष्ट्र मेड लिकर', धान्यापासूनची, फक्त राज्यातल्या उत्पादकांसाठी. २०५ न परवडणाऱ्याने कुठे वळायचं, ते आधीच ठरवून ठेवलंय. शिवाय सरकारला १४,००० कोटी जादा हवेत, लाडक्या बहिणींना दरमहा १५०० द्यायचेत. दारू जीएसटीबाहेर, त्यामुळे दिल्लीला विचारावं लागत नाही. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

आमचं गिऱ्हाईक मात्र बांद्यापलीकडे, गोव्यातल्या स्वस्त दारूकडे वळलं. सोडा आणि चकणा आमचा, पिशवीत 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' छापलेली बाटली.

घाईने लायसन्स परत करू नका. मार्चपर्यंत बिअरचा फ्रीज वाढवून बघा. आणि वेटरला पिशव्यांवर लक्ष ठेवायला सांगा. तसली बाटली टेबलाखाली सापडली तर लायसन्स तुमचं अडकतं, गिऱ्हाईक बिल न देता निघून जातं.